उत्तराची वाट पाहणारा पडदा

ब्रिटनमध्ये घरी टीव्ही पाहायचा तर परवाना काढावा लागतो. 2025-26 या वर्षासाठी त्याची फी 174 पौंड 50 पेन्स होती. वाहिनी कुठलीही असो, कार्यक्रम प्रसारित होत असतानाच पाहायचा असेल तर परवाना हवाच, आणि तो पैसा मुख्यतः बीबीसी चालवायला जातो. बीबीसीच्या सनदेत तिच्यावर तीन कामं सोपवली आहेत: माहिती देणं, शिकवणं आणि रंजन करणं. यातली शेवटची दोन कामं एकाच कार्यक्रमात कशी नांदतात, हे मला बारकाईनं पाहायचं होतं. म्हणून शरद ऋतूतल्या एका सोमवारी लेस्टरला भाचीच्या घरी सकाळपासून रात्रीपर्यंत टीव्हीसमोर वही घेऊन बसले. सोबतीला भाचीचा साडेतीन वर्षांचा मुलगा होता आणि कोल्हापूरहून आलेल्या तिच्या सासूबाई होत्या. विहीणबाईंनी सारी नोकरी प्राथमिक शाळेत केलेली. इंग्रजी बेताचं, पण शिकवणं म्हणजे काय ते त्यांना पुरतं ठाऊक.

सकाळी सहाला सीबीबीज सुरू होते. 2002 च्या फेब्रुवारीत निघालेली ही बीबीसीची वाहिनी शाळेच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी आहे. जाहिरात एकही नाही. त्या दिवशी 'नंबरब्लॉक्स' लागलं. भाग जेमतेम पाच मिनिटांचा. 'एक' म्हणजे एका डोळ्याचा लाल ठोकळा. 'दोन' नारिंगी आणि चष्मेवाला. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचा आकडा तरंगत असतो. एक ठोकळा दुसऱ्याच्या डोक्यावर चढला की दोघं मिळून तिसराच कुणी होतो, आणि आकडाही बदलतो. बेरीज म्हणजे काय हे कुणी समजावून सांगत नाही, ती डोळ्यांदेखत घडते. हिरवा 'चार' मात्र उभ्या रांगेत फार वेळ राहत नाही. तो दोनावर दोन असा बसतो आणि आपण चौरस आहोत म्हणून हरखून जातो.

भाग संपला तसा पोरानं आपले लाकडी ठोकळे काढले. चार मांडले. "मावशीआजी, बघ, चौकोन झाला." मग पाच घेतले. पाचवा कुठे ठेवावा ते कळेना. वर ठेवून पाहिला, बाजूला ठेवून पाहिला. "पाचाचा होत नाही," असं त्यानं स्वतःच ठरवलं. विहीणबाई हे सगळं पाहत होत्या. म्हणाल्या, "वर्गसंख्या आम्ही पाचवीत शिकवायचो." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, कौतुक होतं. या पोराला 'वर्गसंख्या' हा शब्द यायला अजून बरीच वर्षं आहेत, पण चाराचा चौकोन होतो आणि पाचाचा होत नाही, एवढं त्याच्या बोटांना कळलं.

त्यानंतर 'समथिंग स्पेशल'. 2003 पासून चाललेला हा कार्यक्रम शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांसाठी बनवला गेला, पण पाहतात सगळीच मुलं. जस्टिन फ्लेचर त्यात मिस्टर टंबल नावाचा विदूषक होतो. तो बोलता बोलता हातांनी मॅकॅटनच्या खुणा करतो. मॅकॅटन ही 1970 च्या दशकात ब्रिटनमध्येच तयार झालेली खुणांची पद्धत. तोंडानं शब्द, त्याच वेळी हातानं खूण. ज्या मुलाला शब्द उच्चारता येत नाही, त्याला हातांनी सांगता यावं म्हणून. माझं लक्ष फ्लेचरच्या वेगाकडे होतं. तो एक खूण करतो, थांबतो, थेट कॅमेऱ्यात पाहतो आणि तीच खूण पुन्हा करतो. मधल्या थांबण्यात आमच्या पोराचे हात आपोआप वर आले. पडद्यावर तेवढ्या वेळात दुसरं काहीही घडत नव्हतं. ती जागा घरातल्या मुलासाठी मोकळी सोडलेली होती.

या मोकळ्या जागा मग मी दिवसभर शोधत राहिले, आणि त्या सापडतही गेल्या.

दुपारी बीबीसी वनवर 'बार्गेन हंट' लागलं. लाल आणि निळा असे दोन संघ. प्रत्येकाला तीनशे पौंड आणि एक तास. जुन्या वस्तूंच्या बाजारात हिंडून तीन वस्तू घ्यायच्या, त्या नंतर लिलावात विकायच्या. नफा झाला तर तो त्या संघाचा. ऐकायला निव्वळ खेळ. पण संघाबरोबर एक जाणकार असतो, आणि वस्तू हातात घेतली की तो आधी ती उलटी करतो. चांदीच्या वस्तूवर बारीक ठसे असतात. चालता सिंह असेल तर चांदी स्टर्लिंग दर्जाची. जहाजाचा नांगर असेल तर तपासणी बर्मिंगहॅमला झालेली. बिबट्याचं मुंडकं असेल तर लंडनला. समुद्रापासून इतक्या दूरच्या शहराला नांगराचं चिन्ह का, असा प्रश्न पडतो आणि पाहणारा इतिहासाकडे वळतो. इथेही एक मोकळी जागा आहे: खरेदी आणि हातोडा यांच्यामधली. तेवढ्या वेळात घरोघर अंदाज बांधले जातात. "अहो, ही कितीला जाईल?" विहीणबाईंनी विचारलं. मी म्हटलं चाळीस. त्या म्हणाल्या, "कड घासलीय तिची, पंचवीसच्या वर जायची नाही." घरातली भांडी आयुष्यभर घासली-पुसली, पारखली, तो अनुभव इथे कामी आला. इंग्रजी कमी पडलं तिथे खालची अक्षरं मदतीला होती.

त्या अक्षरांबद्दलही सांगायला हवं. बीबीसी आपल्या मुख्य वाहिन्यांवरचे सगळे कार्यक्रम 2008 पासून उपशीर्षकांसह दाखवते. आधी तयार झालेल्या कार्यक्रमाला ती नीट बसवलेली असतात. थेट बातम्यांच्या वेळी मात्र एक माणूस कानाला यंत्र लावून बसतो. जे ऐकू येईल ते सपाट, स्पष्ट आवाजात पुन्हा बोलतो, स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा तोंडानं उच्चारतो. संगणक त्या आवाजाची अक्षरं करतो. म्हणूनच एक वाजताच्या बातम्यांत शब्द निवेदकाच्या काही सेकंद मागून येतात. ही सोय मुळात बहिऱ्या लोकांसाठी झाली, पण परक्या भाषेत कान तयार करणाऱ्याला तिच्याइतका चांगला शिक्षक नाही. इथे नव्यानं आलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी कुटुंबांना भाषा आणि रीतभात कळावी म्हणून बीबीसीनं 1965 मध्ये 'अपना ही घर समझिए' हा हिंदी-उर्दू कार्यक्रम सुरू केला होता. त्या पिढीला टीव्हीनं हात धरून शिकवलं. आज विहीणबाई अक्षरं वाचत आपलं आपण शिकतात.

दोन वाजल्यानंतर चॅनल फोरवर 'काउंटडाउन'. 2 नोव्हेंबर 1982 रोजी ही वाहिनी सुरू झाली तेव्हा तिच्यावरचा अगदी पहिला कार्यक्रम हाच होता. मूळ कल्पना फ्रेंच टीव्हीवरची. दोन स्पर्धक, नऊ अक्षरं, त्यांतून जास्तीत जास्त लांबीचा शब्द करायचा. वेळ तीस सेकंद. घड्याळाचा काटा वरून निघून खाली येईपर्यंत संगीत वाजतं आणि कुणीही बोलत नाही. टीव्हीवर अर्धं मिनिट शांत राहणं ही मोठी गोष्ट आहे. प्रेक्षक बटण दाबून निघून जाईल ही भीती प्रत्येक निर्मात्याला असते. इथे उलट प्रेक्षक त्या अर्ध्या मिनिटासाठीच बसलेला असतो. वेळ संपली की स्पर्धक शब्द सांगतात, कोशकार सूझी डेंट तो शब्दकोशात आहे की नाही ते पाहते आणि कधी एखाद्या शब्दाची जन्मकथाही सांगते.

शब्दांच्या फेरीत विहीणबाई गप्प होत्या. आकड्यांची फेरी आली तशा सरसावून बसल्या. सहा आकडे मिळतात, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार करून दिलेली संख्या गाठायची. नियम कळावेत म्हणून मी वहीत एक उदाहरण मांडलं: 75, 8, 6, 4, 3, 2, आणि गाठायचे 587. त्यांनी कागदही घेतला नाही. "आठाची पाऊणकी सहा, म्हणजे पंचाहत्तर आठे सहाशे. त्यातून सहा, चार, तीन काढा. झाले." लहानपणी पाठ केलेली पाऊणकी सत्तर वर्षांनी लेस्टरमध्ये एका इंग्रजी खेळाला कामी आली. विजेत्या स्पर्धकाला बक्षीस म्हणून चहाची किटली मिळते. पैसा नाही, गाडी नाही. लोक इथे बुद्धीचा कस लावायला येतात, आणि पाहणारे घरी बसून तेच करतात.

सात वाजायला दहा मिनिटं असताना सीबीबीजवर झोपायची गोष्ट येते. कुणी नट, कुणी गायक, कुणी खेळाडू कॅमेऱ्याकडे पाहत मुलांचं पुस्तक वाचतो. चित्रपटात दणकट भूमिका करणारा टॉम हार्डी इथे मांडीवर पुस्तक घेऊन बसला तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. 2018 मध्ये रॉब डेलनी या अभिनेत्यानं इथली पहिली मॅकॅटनमधली गोष्ट सांगितली. त्याच वर्षी वारलेल्या आपल्या लहानग्याशी तो याच खुणांनी बोलत असे. इतक्या वैयक्तिक दुःखातून इतरांच्या मुलांसाठी काही उभं राहिलं, याचं मोल कार्यक्रमांच्या लोकप्रियतेच्या तक्त्यात कधी दिसणार नाही. गोष्ट संपली की सात वाजता वाहिनी त्या दिवसापुरती बंद होते. आणखी एक भाग, आणखी एक भाग, असा हट्ट करायला जागाच उरत नाही. मूल झोपायला जावं म्हणून वाहिनी स्वतः थांबते.

सोमवार मी मुद्दाम निवडला होता. त्या दिवशी बीबीसी टूवर साडेसातपासून नऊपर्यंत ओळीनं तीन प्रश्नमंजूषा असतात. 'मास्टरमाइंड' 1972 पासूनचा. काळी खुर्ची, तिच्यावर एकच प्रकाशझोत, आणि दोन मिनिटं स्वतः निवडलेल्या विषयावर प्रश्न. बिल राइट या निर्मात्याला ही कल्पना दुसऱ्या महायुद्धात गेस्टापोनं केलेल्या आपल्या उलटतपासणीवरून सुचली. वेळ संपल्याची खूण प्रश्न अर्धवट असताना झाली, तर तो प्रश्न पुरा करण्याची इथे रीत आहे. सुरू केलेलं वाक्य तोडायचं नाही. 'ओन्ली कनेक्ट'मध्ये सोळा शब्दांची भिंत असते आणि अडीच मिनिटांत त्यांचे चार-चारचे गट पाडायचे असतात.

शेवटी 'युनिव्हर्सिटी चॅलेंज'. 1962 मध्ये ग्रॅनडानं आयटीव्हीवर सुरू केलेला हा कार्यक्रम 1994 पासून बीबीसी टूवर आहे आणि 2023 पासून कोलकात्यात जन्मलेले अमोल राजन तो चालवतात. पहिला प्रश्न दहा गुणांचा, त्याचं उत्तर एकट्यानं द्यायचं. बरोबर आलं तर पाच-पाच गुणांचे तीन प्रश्न संघाला, सल्लामसलत करून. प्रश्न पुरा व्हायच्या आत घंटी दाबून चुकलात तर पाच गुण वजा. प्रश्न इतके अवघड असतात की बरेचसे डोक्यावरून जातात. तरी लोक पाहतात, कारण एखादा आपल्याला येतो. त्या संध्याकाळी भाची कामावरून आली होती, ती औषधनिर्माणशास्त्र शिकलेली. एका रसायनाच्या प्रश्नाला तिनं चार विद्यार्थ्यांच्या आधी उत्तर दिलं आणि सगळं घर टाळ्या वाजवायला लागलं. विद्वत्तेला अशा टाळ्या मिळणारी जागा टीव्हीवर फार थोडी असते.

पूर्वी रात्री उशिरा आणि पहाटे याच बीबीसी टूवर मुक्त विद्यापीठाचे धडे लागत. 3 जानेवारी 1971 ला ते सुरू झाले, 2006 मध्ये थांबले. फळ्यासमोर उभे प्राध्यापक आणि घरी वही घेऊन बसलेल्या परिचारिका, कामगार, गृहिणी. दूर बसून पदवी घेण्याची ही वाट पुढे अनेक देशांनी धरली. दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ 1985 चं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 चं. आज ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे धडे टीव्हीवर नाहीत, पण 'ब्लू प्लॅनेट 2'सारख्या मालिकांत ते विद्यापीठ भागीदार असतं, आणि भाग संपल्यावर पुढे काय वाचावं, तक्ता कुठून मागवावा, ते सांगितलं जातं.

इथलं सगळंच चांगलं आहे असं नाही. दुपारचे कित्येक तास जुने भाग पुन्हा दाखवण्यात जातात. आयटीव्हीनं मुलांची वाहिनी 2023 मध्ये बंद केली, मुलांचे कार्यक्रम इंटरनेटवर नेले. बीबीसीची सध्याची सनद 2027 अखेर संपते आणि परवान्याची फी हवी की नको यावर वाद चालू आहे. जाहिरातीवर चालणाऱ्या वाहिनीला लहान मूल फायद्याचं वाटत नाही, आणि इंटरनेटवरचा पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो, तो कुणाच्या उत्तरासाठी थांबत नाही. थांबायला पैसा लागतो आणि धीर लागतो. तो पैसा लोकांनी एकत्र येऊन भरला म्हणूनच बीबीसीचे हे कार्यक्रम टिकले, असं माझं ठाम मत झालं आहे. फी रद्द करा म्हणणाऱ्यांनी या थांबण्याची सोय आधी दुसरीकडे लावून दाखवावी.

आपल्या घरी काय करता येईल, तेही सांगते. मूल टीव्ही पाहत असेल तेव्हा शक्य तितका वेळ त्याच्या शेजारी बसा. पडद्यावरून प्रश्न आला की उत्तर तुम्ही देऊ नका. मुलाला बोलू द्या, चुकू द्या, पुन्हा सांगू द्या. आजी-आजोबांनाही तिथेच बसवा. त्यांची पाऊणकी अजून पाठ आहे.