चाली लिहून ठेवण्यासाठी कलिंबा

भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांची गीते छापली गेली. चाली मात्र बहुतांशी कंठातच राहिल्या. महाड-पोलादपूरच्या वस्त्यांतील गायन पार्ट्यांचे वृद्ध गायक हयात आहेत तोवर विद्यार्थ्यांनी त्यांच्या चाली टिपून घ्याव्यात, असे आम्हांस वाटते.

त्यासाठी कलिंबा हे लहानसे वाद्य उपयोगी आहे. ते झिंबाब्वेच्या म्बीराचे धाकटे भावंड. मिशनऱ्यांनी म्बीरा एकेकाळी हिणविला होता. २०२० साली युनेस्कोने तो मानवी वारसा मानला. (ही कथा आपणांस अनोळखी नाही.)

कलिंबाला सतरा पट्ट्या. सर्वांत लांब मध्यभागी, पुढचे स्वर आळीपाळीने डावी-उजवीकडे. संगणकावरील टॅब्लेचरमध्ये प्रत्येक पट्टीस एक उभा रकाना असतो व वाचन खालून वर होते. भातखंडे लिपी स्वराचे नाव सांगते, टॅब्लेचर अंगठ्याची जागा. म्हणून सरगम न शिकलेले मूलही वाजवू शकते.

पट्ट्या शुद्ध स्वरांच्या, मग भैरवीतील चालीचे काय? तिसरी पट्टी 'सा' मानावी; भैरवीचे सर्व स्वर नेमक्या दोन सप्तकांत मिळतात.

दोघांनी वाजविताना एकाने चाल घ्यावी. दुसऱ्याने तीच न गिरविता केरव्याच्या आठ मात्रांत समेवर 'सा' व पाचव्या मात्रेवर 'प' एवढेच धरावे. दोन्ही एकाच बाजूस, मध्ये एक पट्टी सोडून आहेत. लिहिलेले संगणक वाजवूनही दाखवितो. ते चाल देणाऱ्या आजोबांना ऐकवावे, चूक तेच सांगतील. मींड रकान्यात मावत नाही. तिच्यासाठी ध्वनिमुद्रण जोडावे आणि गायकाचे नाव व गाव त्यावर लिहावे.