नायकाचे पतन आणि वाचकांची फिर्याद

अर्धसत्य बोलून गुरूच्या वधास कारणीभूत झालेल्या धर्मराजाविषयी आपण हजारो वर्षे वाद घालीत आलो, परंतु हा प्रसंग फिरवून लिहा अशी फिर्याद व्यासांकडे कोणी नेल्याचे ऐकिवात नाही. कारण ती पोथी केव्हाच बांधून ठेवलेली आहे. अमेरिकेतील कॉमिक्सच्या वाचकाची स्थिती याहून निराळी. त्याचा नायक महिन्याच्या महिन्याला नव्या अंकात नव्याने जगत असतो, त्याचे लेखक आणि चित्रकार येतात-जातात, आणि दोन-दोन तपे ही संगत न सोडलेल्या वाचकाच्या मनात हळूहळू असा ग्रह दृढ होतो की, प्रकाशक हा कागदोपत्री मालक असला तरी वास्तविक तो केवळ वहिवाटदार, आणि खरी मिरास आपली.

या मिराशीचा सर्वांत मोठा तंटा माजला तो हॅल जॉर्डनवरून. 1959 साली जॉन ब्रूम आणि गिल केन यांनी घडविलेला हा निर्भय वैमानिक म्हणजे डीसी कॉमिक्सचा 'ग्रीन लँटर्न', विश्वाच्या रक्षणार्थ हिरवी अंगठी धारण करणाऱ्या दलाचा भूषणभूत शिपाई. 1993 मध्ये सुपरमॅनच्या एका कथेत त्याचे कोस्ट सिटी हे नगर बेचिराख झाले; पुढच्याच वर्षी, मासिकाचा खप खालावलेला असताना, रॉन मार्झ या लेखकाच्या हातून 48 ते 50 या अवघ्या तीन अंकांत तो शोकाने भ्रमिष्ट झाला, सहकाऱ्यांच्या अंगठ्या हिसकावीत गेला, किलोवॉगसारख्या जिवलग मित्राचा त्याने वध केला आणि दलाच्या शक्तीचे मूळच गिळून 'पॅरॅलॅक्स' या खलनायकाच्या रूपाने प्रकटला. त्याची अंगठी मिळाली कोणा काइल रेनर नामक तरुण चित्रकाराला!

वाचकांनी 'हीट' या नावाची संघटनाच उभारली आणि हॅलची पुनःस्थापना व्हावी म्हणून वर्षानुवर्षे अर्जविनंत्या चालविल्या. काही माथेफिरूंनी मार्झला जिवे मारण्याच्या धमक्याही दिल्या, ज्यांचे समर्थन कोणत्याही दरबारी होणार नाही. तथापि मूळ तक्रारीत तथ्य होते असे मला वाटते. शोकाने मनुष्य विकृत होऊ शकतो हे कोणीही नाकारीत नव्हते. पस्तीस वर्षांचे चारित्र्य तीन महिन्यांत, तेही नव्या गादीवाल्याची सोय पाहून, निकालात काढावे हे मात्र पुष्कळांना अपमानास्पद वाटले. प्रकाशकालाही ते टोचले असावे: 1996 मध्ये त्याने हॅलला सूर्य पुन्हा प्रज्वलित करण्यासाठी प्राण वेचू दिले, आणि 2004 मध्ये जेफ जॉन्सच्या लेखणीतून अशी कैफियत पुढे आली की पॅरॅलॅक्स हा भयावर जगणारा एक परजीवी असून तोच हॅलच्या ठायी शिरला होता. हॅलच्या कानशिलांवरचे पांढरे केससुद्धा त्या परजीवीच्या खाती मांडण्यात आले.

मार्व्हलच्या कॅप्टन अमेरिकेचे प्रकरण अधिक नाजूक. जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू तरुणांनी तो निर्माण केला, आणि डिसेंबर 1940 मध्ये, अमेरिका युद्धात उतरण्याच्या वर्षभर आधी, पहिल्याच मुखपृष्ठावर तो हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणताना दिसला. त्याच नायकाने मे 2016 मध्ये निक स्पेन्सरच्या कथेत, नाझींशी नाते सांगणाऱ्या 'हायड्रा' या संघटनेचा जयजयकार केला, तेव्हा क्षोभाला पूर्वजांच्या स्मृतीची धार होती. वास्तव पालटण्याची शक्ती असलेल्या एका बालरूपी सत्तेने त्याचा भूतकाळ बदलला, असा खुलासा पुढील अंकातच झाला. पण ज्यांना घाव बसला होता त्यांना खुलाशाची मातब्बरी ती काय! अखेर 2017 मध्ये खरा कॅप्टन परतला, त्याने बदललेल्या भूतकाळातून उपजलेल्या हायड्राच्या तोतयाला चीत केले आणि तोतयाची रवानगी तुरुंगात झाली.

पुढे 2018 मध्ये टा-नहीसी कोट्स या लेखकाने सूत्रे हाती घेतली, तेव्हा मात्र त्याने या निर्दोष सुटकेवर विसंबण्याचे नाकारले. त्याच्या कथेतले नागरिक खऱ्या कॅप्टनकडेही संशयाने पाहतात, कारण त्यांच्यावर जुलूम करणाऱ्या तोतयाचा चेहरा हुबेहूब हाच होता.