एसजीपीटी वाढले म्हणजे पितोच असे नाही

सचिनहून भाच्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. "मामा, कंपनीच्या तपासणीत लिव्हरचं काहीतरी वाढलंय म्हणतात. घरात सांगू नका."

पण घरात आधीच कळले होते. त्याने रिपोर्टाचा फोटो धाकट्या बहिणीला पाठवला होता आणि तिच्या हातून तो सगळ्या घरभर फिरला. त्यातच हुक्केरीकडच्या एका स्थळाची बोलणी चालू होती. आमच्या अक्काच्या सासरी कानडी, माहेरी मराठी; एरवी एका घरात दोन भाषांत दोन मते असतात. त्या दिवशी मात्र दोन्ही भाषांत प्रश्न एकच. दाजींच्या थोरल्या भावाने विचारले, "कुडितानेनु?" आणि आमच्या आईने तेच मराठीत विचारले, "पितो की काय रे पोरगा?"

भाचा पीत नाही. पण यकृत म्हटले की दारू, हे समीकरण आपल्या डोक्यात इतके पक्के आहे की त्याला कोणी धड काही विचारलेच नाही. म्हणून हा लेख.

सचिन म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. हे सचिन मात्र सुरतच्या दक्षिणेला, नवसारीच्या वाटेवरचे रेल्वे स्टेशन. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका शाखेने पेशव्यांशी करार करून १७९१ मध्ये इथे संस्थान स्थापले आणि १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. आता तिथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. कापड रंगवण्या-छापण्याच्या गिरण्या आहेत, रसायनांचे कारखाने आहेत. सुरतच्या उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत खानदेशातली मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्याच ओळखीने आमचा भाचा एका गिरणीत रंग कालवण्याच्या खात्यात लागला.

आकडे काय सांगतात?

रिपोर्टात दोन आकडे ठळक छापले होते. एसजीपीटी ११८ आणि एसजीओटी ६४. त्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा होती ४०.

यकृत, ज्याला साध्या बोलीत आपण काळीज म्हणतो, ते उजव्या बरगड्यांखाली असते. मोठ्या माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलोचे. अन्नाचा साठा करणे, पित्त तयार करणे, रक्त गोठवणारी प्रथिने बनवणे आणि औषधे-विषे निष्प्रभ करणे ही त्याची कामे. ती करण्यासाठी त्याच्या पेशींत एन्झाइम्स, म्हणजे विकरे असतात. पेशी दुखावली की विकरे रक्तात पाझरतात. स्वयंपाकघरात कुठेतरी दूध उतू गेल्याचा वास बाहेरच्या खोलीत यावा, तसे हे. वासावरून काहीतरी झाले एवढे कळते. कोणाच्या हातून झाले ते आत गेल्याशिवाय कळत नाही.

म्हणूनच वाढलेले विकर हा आजार नव्हे, ती खूण आहे. एसजीपीटी, ज्याला आता एएलटी म्हणतात, मुख्यतः यकृतात असते. एसजीओटी म्हणजे एएसटी हे स्नायू, हृदय आणि तांबड्या पेशींतही असते. आदल्या दिवशी भरपूर ओझी उचलली, जिममध्ये नव्याने जोर मारला किंवा स्नायूत इंजेक्शन घेतले तरी ते वाढू शकते. तिसरे अल्कलाइन फॉस्फटेज. ते पित्तमार्गाच्या अडथळ्यात वाढते. पण वाढत्या वयाच्या मुलांत आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतही स्वाभाविकपणे जास्त असते.

यकृत आपले काम नीट करते की नाही, हे मात्र वेगळे आकडे सांगतात. बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याचा वेळ. भाच्याचे हे तिन्ही ठीक होते. मर्यादेच्या दोन-तीन पट वाढ बहुधा सावकाश शोध घेण्याची असते. आकडा हजारांत गेला तर तीव्र विषाणूजन्य कावीळ, औषधाचा अतिरेक, विषबाधा किंवा यकृताचा रक्तपुरवठा तुटणे यांचा तातडीने विचार करावा लागतो. उलट, यकृत निबर झालेल्या सिऱ्होसिसच्या रुग्णात विकरे नेहमीसारखी दिसू शकतात. तेव्हा आकडा लहान म्हणून निर्धास्त होऊ नये आणि मोठा म्हणून हातपाय गाळू नयेत.

डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न

भाचा सुरतमधल्या एका डॉक्टरांकडे गेला. त्यांनी औषध लिहिण्याआधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. वाचकहो, हेच प्रश्न आपल्या घरातही विचारता येतील.

पहिला अर्थातच दारूचा. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून तो टळत नाही. दारूमुळे यकृत सुजते तेव्हा बहुधा एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट किंवा अधिक असते. भाच्याचे उलटे होते. यावरून सिद्ध काही होत नाही, पण डॉक्टरांच्या मनातला संशय कमी झाला.

दुसरा प्रश्न वजनाचा आणि साखरेचा. भाच्याचे वजन चौऱ्याऐंशी किलो. रोज कँटीनचे फरसाण, थंड पेये आणि रात्रपाळी. यकृतात चरबी साठणे हे आज विकरे वाढण्याचे सर्वांत सामान्य कारणांपैकी एक आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये हा आजार मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. दारूचा थेंब न घेणाऱ्या गृहिणीलाही तो होतो. वजन सात ते दहा टक्के उतरले तर यकृताची सूज कमी होते.

तिसरा प्रश्न विषाणूंचा. हेपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून पसरतात. आपल्या शेजारच्या इचलकरंजीने २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ सोसली, ती आपण विसरलेलो नाही. गरोदर स्त्रीला हेपॅटायटिस ई फार धोक्याचा असतो. बी आणि सी हे रक्तातून पसरतात. दूषित सुई, न तपासलेले रक्त, सामाईक वस्तरा यांतून. बी हा आईकडून बाळाला आणि शरीरसंबंधातूनही होतो. हे दोन्ही वर्षानुवर्षे गप्प राहतात. बीची लस आहे, सी औषधांनी बहुधा पूर्ण बरा होतो. जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत ठेवली आहेत.

चौथा प्रश्न कामाचा. सचिनसारख्या ठिकाणी तो विचारायलाच हवा. ६ जानेवारी २०२२ ला तिथे टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रसायनाच्या वायूने सहा कामगार दगावले, ते देशभर कळले. पण काही द्रावके असा गाजावाजा न करता, कातडीतून आणि श्वासातून रोज थोडी थोडी शरीरात जातात. कृत्रिम चामडे आणि लेप दिलेले कापड बनवताना वापरले जाणारे डायमिथिल फॉर्मामाइड त्यांतलेच. विषारी द्रव्यांमुळे होणारी कावीळ १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत होती, ती उगाच नव्हे. भाच्याच्या खात्यात हे द्रावक नव्हते. त्याच्या खोलीतला जोडीदार मात्र तसल्याच कारखान्यात होता आणि जेवणानंतर पोटात दुखते म्हणून अॅसिडिटीच्या गोळ्या खात होता. डॉक्टरांनी त्यालाही बोलावून घेतले. हातमोजे, हवा खेळती ठेवणे आणि ठराविक काळाने तपासणी हे मागून घ्यायचे असते, हे तो तिथे शिकला.

खाण्यातूनही विष जाते. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात बुरशी लागलेल्या मक्यामुळे शेकडो लोकांच्या यकृतावर आघात झाला आणि शंभराहून अधिक दगावले. शेंगदाण्यालाही अशी बुरशी लागते. काळपट, खवट दाणा चटणीत न घालता टाकून द्यावा.

पाचवा प्रश्न

"औषध काय घेता?" या प्रश्नाला भाचा म्हणाला, "काही नाही."

डॉक्टर हुशार होते. त्यांनी पुन्हा विचारले, "काढा? चूर्ण? घरून येणारे काही?"

तेव्हा निघाले. करोनाच्या दिवसांपासून आमची अक्का त्याला गुळवेलीचे चूर्ण पाठवत होती. कानडीत अमृतबळ्ळी. दर दोन महिन्यांनी ट्रॅव्हल्सच्या गाडीतून एक बरणी. परगावी राहतो, रसायनात काम करतो, प्रतिकारशक्ती हवी, म्हणून. भाचा रोज सकाळी दोन चमचे न चुकता घेत होता, कारण आई फोनवर विचारायची.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताची सूज नोंदवली. पुढे २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मानला नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल चुकून वापरली गेली असावी, असे त्यांचे म्हणणे. वाद तज्ज्ञांचा आहे. आपल्यापुरते एवढे खरे, की झाडपाल्याचे आहे म्हणून निर्धोकच असे नाही, आणि डॉक्टरांना ते सांगायलाच हवे. पॅरासिटामॉल, फिट्सच्या काही गोळ्या, क्षयाची औषधे यांनीही विकरे वाढतात. पण क्षयाची किंवा फिट्सची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना विचारूनच काय ते करावे.

भाच्याचे बी आणि सी दोन्ही निघाले नाही. सोनोग्राफीत थोडी चरबी दिसली. चूर्ण थांबवले. सहा आठवड्यांनी एसजीपीटी ११८ वरून ५२ वर आले आणि तिथेच रेंगाळले. उरलेले, डॉक्टर म्हणाले, पोटाच्या घेरात आहे.

इथे एक इशारा. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, पोटात पाणी, रक्ताची उलटी, असंबद्ध बोलणे किंवा सतत झोप यांपैकी काही दिसले तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कावीळ उतरवणाऱ्याकडे, डाग देणाऱ्याकडे घालवलेला आठवडा पुन्हा मिळत नाही.

स्थळाचे काय झाले? ती माणसे पुढे गेली. त्यांनी कारण सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

अक्काला मात्र ते चूर्ण लागले. "म्हणजे मीच त्याला आजारी पाडलं का रे?" तिने मला विचारले. मी म्हणालो, "अक्का, तू मायेनंच पाठवलंस. चूक आपल्या सगळ्यांची. पितो का, हे दोन्ही भाषांत विचारलं. काय खातोस, काय घेतोस, हे एकाही भाषेत विचारलं नाही."

ती काही बोलली नाही. मागच्या महिन्यात गाडीने पार्सल गेले. बरणी तीच होती. कुंदा नव्हता. निवडून घेतलेल्या दाण्यांची शेंगाची चटणी होती आणि वर चिठ्ठी, अर्धी कानडी, अर्धी मराठी: जेवणात एकच चमचा घे, आणि रिपोर्ट आला की आधी मला सांग.