तोफांआधी रसद

अवकाशातल्या साम्राज्यांचे संगणक-खेळ गेली तीन दशकं चालत आले आहेत. 1993 साली 'मास्टर ऑफ ओरायन' आला, तेव्हा त्याची आगाऊ ओळख करून देताना अ‍ॅलन एम्रिच या लेखकाने 'फोर एक्स' ही संज्ञा रूढ केली. शोध घ्या, पसरा, साधनं उपसा, शत्रूला संपवा, असे त्याचे चार पाय. पुढे 1999 मध्ये 'होमवर्ल्ड'ने वर-खाली, आडवंतिडवं असं खरंखुरं त्रिमितीय रणांगण दिलं. 2008 मध्ये 'सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर' आणि 2016 मध्ये 'स्टेलारिस' आला, आणि आकाशगंगाच्या आकाशगंगा खेळणाऱ्याच्या हाती आल्या. या सगळ्यांनी मला भरपूर आनंद दिला. एक गोष्ट मात्र कायम खटकत राहिली. 'स्टेलारिस'मध्ये आरमार राजधानीपासून कितीही दूर गेलं तरी त्याचा दारूगोळा संपत नाही. त्याचा खर्च साम्राज्याच्या सामाईक खजिन्यातून आपोआप वळता होतो. जुन्या 'मास्टर ऑफ ओरायन'मध्ये निदान इंधनाची मर्यादा होती, आपल्या वसाहतींपासून ठरावीक अंतरापलीकडे जहाज जाऊ शकत नसे.

म्हणूनच 'फॉलिंग फ्रंटियर' या येऊ घातलेल्या खेळाकडे माझे डोळे लागले आहेत. स्टटर फॉक्स स्टुडिओज तो बनवत आहे आणि हूडेड हॉर्स ही प्रकाशन संस्था तो बाजारात आणणार आहे. त्याची तारीख अनेकदा पुढे ढकलली गेली आहे. पण बनवणाऱ्यांनी पहिल्यापासून जे सांगितलं आहे ते आशा लावणारं आहे. टेहळणी, हेरगिरी आणि रसद या तीन गोष्टींवर इथे युद्धाचा निकाल ठरणार आहे. तोफा आहेतच, पण त्या शेवटी.

रसद म्हणजे काय ते गोव्यातल्या डिचोलीच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. खाणीवर खनिज निघतं, टिपर ते जेटीवर आणतो, बार्ज मांडवीतून खाली मुरगावला नेते, तिथून मोठं जहाज परदेशी जातं. 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि 2018 मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा नुसती खाण बंद पडली नाही. टिपर दारात उभे राहिले, बार्जी नांगर टाकून पडल्या, गॅरेजं आणि रस्त्याकडेची हॉटेलं ओस पडली. साखळीतली एक कडी निखळली की पुढचं-मागचं सगळं कसं थबकतं, हे या तालुक्याने दोनदा भोगलं आहे. 'फॉलिंग फ्रंटियर'मध्ये हीच साखळी खेळणाऱ्याला बांधायची आणि राखायची आहे. मालवाहू जहाजं तळांना सामान पुरवणार, आणि शत्रूची लढाऊ जहाजं जड जात असतील तर त्याच्या मालवाहूंवर छापे घालता येणार. संरक्षण न देता पाठवलेला तांडा बुडाला तर आघाडीवरची बलाढ्य युद्धनौका रिकामी होऊन बसणार.

याचा इतिहासातला सर्वांत बोलका दाखला मला डिचोलीतच दिसतो. 1683 मध्ये औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाने डिचोलीला राहत होता. त्या वर्षाच्या अखेरीस महाराजांनी पोर्तुगीजांना असं कोंडीत धरलं की गोवा शहर पडायच्या बेतात आलं. 24 नोव्हेंबरच्या रात्री ओहोटीची वेळ साधून मोजक्या मराठ्यांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी तो परत घ्यायला आलेला विजरई, आल्व्होरचा कोंद, जखमी होऊन मागे फिरला. एवढ्यात घाट उतरून मोगल फौज येत असल्याची खबर आली आणि मराठ्यांना माघार घ्यावी लागली. जानेवारी 1684 मध्ये औरंगजेबाचा दुसरा मुलगा शाहआलम प्रचंड सैन्य घेऊन रामघाटाने खाली आला आणि डिचोलीत शिरला. बळाच्या हिशोबात तो या भागात सर्वांना भारी होता. पण एवढ्या तोंडांना खायला घालायला मुलखात धान्य नव्हतं. त्याचं धान्य समुद्रमार्गे यायचं, आणि नदीच्या तोंडाशी पोर्तुगीजांचे किल्ले होते. त्यांना मोगलांच्या हेतूचाही भरवसा नव्हता. गलबतं सुखासुखी वर आली नाहीत. घाटाकडच्या वाटेवर मराठे होतेच. अखेर शाहआलमला रामघाटानेच परत फिरावं लागलं, आणि भूक व रोगराईने त्याच्या फौजेची जी दैना केली ती कोणत्याही लढाईने केली नव्हती.

हे प्रकरण मी खेळाच्या पटावर मांडून पाहतो तेव्हा आजवरचे बहुतेक अवकाश-खेळ त्यात नापास होतात. त्यांच्या नियमांनी शाहआलम हमखास जिंकला असता. नव्या खेळाची माझी कसोटी हीच: शाहआलम इथे हरतो का?

डिचोलीच्या नावावर एक बनावट युद्धही खपून गेलं आहे, ते इथे सांगायलाच हवं. 1640-41 मध्ये पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात 'डिचोली संघर्ष' झाला असं सांगणारा एक रचलेला लेख इंग्रजी विकिपीडियावर 2007 पासून पाच वर्षं मानाने उभा होता. डिसेंबर 2012 मध्ये तो खोटा ठरून काढला गेला. खरी मोहीम त्याहून कितीतरी थरारक असताना हे घडलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

'फॉलिंग फ्रंटियर'चं दुसरं वैशिष्ट्य टेहळणीचं. 2025 च्या अखेरीस गोव्यात हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक झाला आणि उझबेकिस्तानच्या जावोखिर सिंदारोवने तो जिंकला. बुद्धिबळात दोघांनाही सगळा पट उघडा दिसतो. चूक होते ती विचारात. अवकाशात मात्र समोर काय आहे हे कळणं हीच निम्मी लढाई. 'फॉलिंग फ्रंटियर'मध्ये जहाजं लघुग्रहांच्या आडोशाला दडू शकतील, ग्रहांच्या आड राहून शत्रूचे सेन्सर चुकवू शकतील. सूर्यमालेची रचना दर वेळी नवी तयार होणार असल्यामुळे पाठ केलेला डाव चालणार नाही. कुठे दडायला जागा आहे, कुठून मालवाहू जाणं-येणं करतात, हे आधी हिंडून जाणून घ्यावं लागेल.

यात मला आणखी एक गोष्ट हवी आहे, ती म्हणजे वेळेची अट. पृथ्वीहून मंगळावर जायची सोयीची संधी सुमारे 26 महिन्यांनी एकदा येते आणि संदेश पोचायलाही 3 ते 22 मिनिटं लागतात. कोकण किनाऱ्यावरचं युद्ध असंच पंचांगाला बांधलेलं असे. पावसाळ्यात समुद्र बंद, मग तो सरता सरता लिस्बनची गलबतं येणार. जुवे बेटाची ती रात्र ओहोटीशिवाय घडलीच नसती. कक्षा आणि इंधन यांचा काटेकोर हिशोब 'टेरा इन्व्हिक्टा' या खेळाने 2022 पासून करून दाखवला आहे. तेव्हा हे जमण्यासारखं आहे.

जहाजांची बांधणी भागाभागांनी करायची, प्रत्येक जहाजाला स्वतःचा इतिहास आणि कॅप्टन असायचा, बुडालेल्या जहाजांचे सांगाडे अवकाशात तरंगत राहायचे आणि त्यातून कामाचं सामान काढता यायचं, ही वचनंही सुखावणारी आहेत. नाव असलेला कॅप्टन गमावला की पुढचा हुकूम देताना हात थोडा थांबेल.

राहता राहिला मुत्सद्दीपणा, आणि त्यासाठी मी पेडण्याकडे पाहतो. बहुतेक खेळांत लहान सत्ता म्हणजे मोठ्यांचा घास, एवढंच. तिथला शापोरा नदीवरचा हळर्णचा किल्ला पोर्तुगीज विजरई मार्क्विस ऑफ कॅस्टेलो नोव्हो याने 1746 मध्ये सावंतवाडीकरांकडून घेतला, आणि त्या विजयाबद्दल त्याला 'मार्क्विस ऑफ आलोर्ना' हा किताब मिळाला. तरीही सावंतवाडीचे सावंत-भोसले संपले नाहीत. पेशवे, कोल्हापूरकर, पोर्तुगीज अशा तिघांच्या मधे ते टिकून राहिले, कधी याच्याशी तह तर कधी त्याच्याशी वैर करत. कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी म्हणून तिसऱ्या खेम सावंतांनी 1788 मध्ये पेडणे पोर्तुगीजांना दिलं. राज्याचा एक तुकडा देऊन बाकीचं राज्य राखायचं, असा हा सौदा होता. संगणकाने चालवलेली एखादी छोटी सत्ता मला असा प्रस्ताव देईल, तिच्या अडचणीतून तो आलाय हे मला ओळखता येईल आणि पुढे तो स्वीकारल्याची किंमत मलाही मोजावी लागेल, असा खेळ अजून माझ्या पाहण्यात नाही. 'फॉलिंग फ्रंटियर' हाती आला की सर्वांत आधी मी एक मालवाहू तांडा संरक्षणाशिवाय सोडून बघणार आहे आणि त्यानंतर एखाद्या दुबळ्या शेजाऱ्याशी बोलणी लावणार आहे.