फाट्याची खानेसुमारी

वाचकहो, नांदेडहून अर्धापूरमार्गे हिंगोलीकडे निघालात की वाटेत वारंगा फाटा लागतो. येथे रस्ता फुटतो. एक आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला, दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळला. गाडी थांबते, चहा होतो, गाडी सुटते. पण या फाट्याची वस्ती किती, असे कधी मनात आले का?

खानेसुमारीच्या पुस्तकात शोधू जाल तर पंचाईत होईल. ग्रामीण भागात गणना होते ती महसुली गावाची. फाटा ही रस्त्याने वसवलेली वस्ती; दप्तरात तिला सहसा वेगळे नाव नसते. ती ज्या गावाच्या शिवारात, त्या गावाच्या आकड्यात तिची माणसे मिळून जातात.

आता युरोपातला चेक देश पाहा. लोकसंख्या एक कोटी नऊ लाखांच्या आसपास, आणि स्वतंत्र नगरपालिका सहा हजारांवर! त्यांतल्या निम्म्याहून अधिक पाचशे वस्तीच्या आतल्या. आपल्याकडची एखादी वाडीच म्हणा ना. पण तिला स्वतःचा नगराध्यक्ष, स्वतःची सभा. शिवाय प्रत्येक गावाने आपली बखर लिहीत राहावी, असा कायदा तेथे १९२० साली झाला. २००६ साली तो नव्याने केला. बखर लिहिण्याचे काम पुष्कळदा गावच्या शिक्षकाकडेच असे. आता तेथे १९१० साली जन्मलेला माणूस घ्या. १९१८ पर्यंत तो ऑस्ट्रिया-हंगेरीचा, मग चेकोस्लोव्हाकियाचा, १९३९ ला जर्मनांच्या अमलाखाली. घर मात्र एकच.

आपल्याकडे काय वेगळे आहे? वारंग्याच्या परिसरात १९४५ साली जन्मलेला माणूस निजामाच्या राज्यातला. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले. १९५६ ला तो मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. आणि १ मे १९९९ ला परभणी जिल्हा फोडून हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा त्याचा जिल्हाही बदलला. हे सारे त्याने अंगणात बसून पाहिले! पण ते लिहून कोणी ठेवले?

हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली ११,७७,३४५ भरली. त्यानंतरची गणना २०२१ ला व्हायची होती, ती महामारीने राहिली. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख ठरली आहे. गुरुजन हो, येथे जरा लक्ष द्या. २०११ साली मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. त्या सबंध काळात जो घरी नव्हता, तो गावात धरला गेला नाही; जेथे सापडला तेथे धरला गेला. मराठवाड्यातली ऊसतोड मंडळी तेव्हा असतात कोठे? कारखान्याच्या फडावर! म्हणजे घराला कुलूप आणि गावाचा आकडा कमी. ग्रामपंचायतीचे सदस्य सात असावेत की सतरा, हेही त्या आकड्यावरच ठरते. निधीच्या वाटपातही तोच पुढे येतो.

कुलूपबंद घर दिसले, तर शेजारी विचारावे: माणसे कधी गेली, मधे कोणी येऊन गेले का? मागच्या गणनेत त्या वीस दिवसांत थोडा काळ जरी घरी राहिलेला माणूस गावातच धरायचा होता. यंदाच्या सूचना हाती येतील तेव्हा हे कलम आधी काढून वाचा. आणि शाळेत एखादी कोरी वही असेलच. तिच्यात गावाचे नाव, तारीख, आणि आज कोणाकोणाच्या घरांना कुलूप आहे, एवढे तर आजही लिहिता येईल.