डिस्नेचा शिक्का आणि आपली समजूत

'मार्व्हल डिस्नेकडे गेलं आणि सिनेमे पोरकट झाले,' हे वाक्य सुपरहिरोपटांच्या चाहत्यांच्या तोंडी आता पक्कं बसलं आहे. वाक्य ठसकेबाज आहे, पण तारखा त्याच्या बाजूने साक्ष देत नाहीत. डिस्नेने मार्व्हल घेतलं २००९ मध्ये, सुमारे चार अब्ज डॉलर मोजून. 'आयर्न मॅन' त्याच्या आदल्या वर्षीचा, आणि तो पॅरामाउंटने वितरित केलेला. आज ज्याला 'डिस्नेछाप' म्हणून नाकं मुरडली जातात तो सगळा मसाला त्यात आहेच: जीव टांगणीला असताना मारलेला विनोद, स्वतःवरच खूश असलेला नायक आणि नामावली संपेपर्यंत खुर्ची न सोडणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला निक फ्युरीचा प्रवेश. चव आधीची आणि मालक नंतरचा, तरी प्रेक्षक ती मालकाच्याच नावावर चढवतो, कारण डिस्ने म्हटलं की त्याला लहानपणीचा मिकी माऊस आठवतो. वॉर्नरच्या डीसीचंही तेच. २००८ च्या 'द डार्क नाइट'पासून डीसी म्हणजे काळोख आणि गांभीर्य असं ठरून गेलं. त्याच घराने २०१९ मध्ये 'शझॅम'सारखा खट्याळ सिनेमा दिला, तरी समज फारसा हलला नाही.

नुसत्या मालकीनेच अपेक्षा घडत असत्या, तर त्याचा पुरावा यवतमाळ जिल्ह्यातल्या दिवाणखान्यांतही दिसायला हवा होता. मार्च २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा मोठा कारभार विकत घेतला, त्यात स्टार इंडिया आलं आणि स्टारबरोबर स्टार प्रवाह ही मराठी वाहिनीही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरू होऊन नोव्हेंबर २०२४ मध्ये संपलेली 'आई कुठे काय करते' ही तिथली मालिका जवळजवळ पूर्णपणे डिस्नेच्या मालकीत चालली. म्हणजे पाच वर्षं मालिकेतली अरुंधती आणि आयर्न मॅन एकाच धन्याच्या पदरी होते! पण पुसद-दारव्ह्यात मालिका रेंगाळली म्हणून कुणी डिस्नेला बोल लावला नसेल. पडद्यावर डिस्नेचा किल्ला दिसतच नव्हता, मग त्याचा विचार येणार कुठून? मालक दिसतो तिथे गोष्ट वेगळी. 'लोकमत'चे जवाहरलाल दर्डा यवतमाळचे, काँग्रेसचे नेते आणि राज्यात मंत्री राहिलेले. असा मालक ओळखीचा असला की वाचक राजकीय बातमी वाचताना ते ध्यानात ठेवतोच. सातबारावर नाव कुणाचं, यापेक्षा पाटी कुणाची दिसते यावर अपेक्षा ठरते.

यावर आक्षेप येईल की मग मालकीला काही अर्थच नाही का? अर्थ आहे, आणि चांगलाच जड आहे. पण आपण तो भलत्याच ठिकाणी शोधतो. फॉक्स डिस्नेकडे गेल्यावर फॉक्सच्याच शिवराळ 'डेडपूल'च्या तोंडाला आता बूच बसणार, अशी भीती व्यक्त झाली. २०२४ मध्ये 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' आला तो शिव्या आणि रक्तपातासकट, वर खुद्द डिस्नेचीच टिंगल करत. इथे मालकाने सूर बदलला नाही. मात्र ऑगस्ट २०१९ मध्ये स्पायडरमॅनचे सिनेमाहक्क असलेली सोनी आणि डिस्ने यांची बोलणी फिसकटली, तेव्हा तो अ‍ॅव्हेंजर्सच्या जगातून बाहेर पडायची वेळ आली, आणि पुढच्याच महिन्यात करार झाला म्हणून तो राहिला. पटकथेतला कुठलाही खलनायक जे करू शकला नसता ते एका कागदाने जवळपास केलं होतं. वॉर्नर आणि डिस्कव्हरी २०२२ मध्ये एकत्र आल्या आणि काही महिन्यांत जवळपास तयार झालेला 'बॅटगर्ल' कायमचा डब्यात गेला. डिस्नेच्या काळात मार्व्हलचा रतीबही वाढला. सिनेमांच्या जोडीला मालिका आल्या, आणि या पसाऱ्याने लक्ष विखुरलं, असं डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीच २०२३ मध्ये कबूल केलं. मार्व्हलबद्दलचा आजचा कंटाळा विनोदापेक्षा या रतीबातून आला असावा, असं मला वाटतं. कोण कुणाला भेटणार, काय बाहेर येणार आणि किती येणार, हे मालक ठरवतो.

आणि कुठल्या भाषेत, हेही. २०१९ चा 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' भारतात इंग्रजी, हिंदी, तामिळ आणि तेलुगूत लागला, मराठीत नाही. सोनीचा 'स्पायडरमॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' जून २०२३ मध्ये इंग्रजी धरून दहा भाषांत आला, त्यांत मराठी होती. त्यात पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडरमॅन होता म्हणून हे जमलं, असं कुणी म्हणेल. ते खरंच, पण तो काही मुख्य नायक नव्हता, आणि मराठी आवाजासाठी पैसा सोडायचा निर्णय शेवटी सोनीचाच. आता तर नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्नेचा भारतातला कारभार रिलायन्सच्या कंपनीत मिसळला आणि डिस्नेकडे ३७ टक्क्यांच्या आसपास वाटा उरला. फेब्रुवारी २०२५ पासून याच कंपनीच्या जिओहॉटस्टारवर स्टार प्रवाहच्या मालिका आणि मार्व्हलचे सिनेमे शेजारी-शेजारी दिसतात. वणी-उमरखेडच्या प्रेक्षकाने या मालकाकडून काही अपेक्षा ठेवायचीच असेल, तर विनोद कमी करण्याची ठेवण्यापेक्षा त्या सिनेमांना मराठी आवाज देण्याची ठेवावी.