धानाच्या बांधीतील इंटरनेट

महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेस, मध्य प्रदेश व छत्तीसगड या राज्यांना लागून गोंदिया जिल्हा वसला आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. वैनगंगेचे खोरे, नवेगाव-नागझिऱ्याचे अरण्य, गावोगावचे जुने मालगुजारी तलाव आणि त्या तलावांच्या पाण्यावर पिकणारे धान ही या जिल्ह्याची ओळख होय. पावसाळ्यात पऱ्हे उपटून बांध्यांत रोवणी होते. दिवाळीच्या सुमारास हलके धान कापणीस येते आणि भारी धान त्यामागून येते. गोंदियाच्या राईस मिलांत भरडलेला तांदूळ मग आगगाडीने दूरदूरच्या गावी जातो.

नव्या साधनाने या भागाचे जीवन पालटावे, ही काही पहिलीच वेळ नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागपूरहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग येथून गेला. पुढे जबलपूरकडे जाणारा अरुंद मार्ग त्याला येऊन मिळाला, आणि जंगलातील तेंदूपानांना व बांधीतील धानाला दूरची बाजारपेठ सापडली. आगगाडी माल वाहून नेते, हे डोळ्यांना दिसते. इंटरनेट वाहते ती केवळ माहिती. माहितीला वजन नसते. मग तिने एवढे काय बदलणार, असे एखाद्यास वाटेल. पण शेतकऱ्याच्या घरी पैसा केव्हा यावा आणि किती यावा, हे पुष्कळदा एका नोंदीवर अवलंबून असते.

ती नोंद म्हणजे सातबारा. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची हे लिहिलेले असते, तर गाव नमुना बारामध्ये तीत पीक कोणते हे असते. ही पिकांची नोंद पूर्वी तलाठी करीत असत. एका तलाठ्याकडे अनेक गावे. तेव्हा प्रत्येक बांधीवर जाऊन पाहणे त्यांना कितीसे साधणार? शेतकऱ्याला उतारा हवा असला, तर कार्यालयाची पायपीट करावी लागे. तलाठी तालुक्याला गेलेले असले, की तो दिवसही गेला आणि त्या दिवसाची मजुरीही गेली.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले, तेही प्रथम मोजक्या मोठ्या शहरांत. बांधीपर्यंत यावयास त्याला पुष्कळ वर्षे लागली. १ मे २०१८ रोजी महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळण्याची सोय झाली, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर लागू झाली. आता शेतकरी स्वतःच बांधीवर उभा राहून मोबाईलमध्ये आपला गट क्रमांक शोधतो, पिकाचे नाव व क्षेत्र भरतो आणि उभ्या धानाचे छायाचित्र काढतो.

हे छायाचित्र त्याच बांधीतील आहे, हे यंत्राला कसे कळते? पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून काही उपग्रह सतत संदेश पाठवीत फिरत असतात. संदेश येण्यास किती वेळ लागला, यावरून मोबाईल त्या उपग्रहाचे अंतर काढतो. निदान चार उपग्रहांची अंतरे मिळाली, की आपण पृथ्वीवर नेमके कोठे आहोत याचा हिशेब त्याला मांडता येतो. मग छायाचित्र आणि ठिकाण हे दोन्ही रेडिओलहरींच्या रूपाने जवळच्या मनोऱ्याकडे जातात. तेथून पुढचा प्रवास बहुधा जमिनीखालून, केसासारख्या बारीक काचतंतूंमधून होतो. त्या तंतूंत वाहतो तो प्रकाश! सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील नोंद अशा रीतीने क्षणार्धात शासनाच्या संगणकात जाऊन बसते.

या नोंदीचे मोल कळते ते धान विकताना. केंद्र सरकार दरवर्षी धानाचा हमीभाव ठरविते. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाचा हा भाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्या खरेदी केंद्रांवर या भावाने धान घेतले जाते. मात्र त्यासाठी आधी ऑनलाईन नोंदणी करावी लागते, आणि सातबाऱ्यावर धानाची नोंद असावी लागते. पैसे थेट बँकेच्या खात्यात जमा होतात. नोंद राहून गेली, तर त्याच धानासाठी व्यापारी देईल तो भाव पत्करण्याची पाळी येते.

आता या व्यवहारात एक नवाच मनुष्य महत्त्वाचा झाला आहे. तो म्हणजे घरातील सहावी-सातवीत शिकणारा मुलगा किंवा मुलगी. पूर्वी गावात पत्र आले, की ते वाचून दाखविण्यासाठी शिकलेल्या माणसाला बोलावीत. आज आजोबा नातवंडांना मोबाईल घेऊन बांधीवर बोलावतात. एक आकडा चुकीचा पडला, तर वर्षाच्या मेहनतीची नोंद चुकते. म्हणून भरलेली माहिती मोठ्याने वाचून दाखविणे बरे. बँकेचे नाव सांगून कोणी सांकेतिक अंक विचारू लागला, तर तो देऊ नये हेही घरात त्यांनाच सांगावे लागते. अशी फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविता येते.

परंतु सर्वांनाच हे जाळे सारखे जवळ आले, असे म्हणता येणार नाही. ज्यांच्या घरी साधाच मोबाईल आहे, त्यांना शेजाऱ्याकडे जावे लागते. जंगलभागात एखाद्या टेकडीवर चढावे, तेव्हा लहरींचा माग लागतो. स्वस्त धान्याच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवून ओळख पटवितात. पण वर्षानुवर्षे रोवणी-कापणी करणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, आणि ज्या हातांनी धान पिकविले ते हात यंत्र ओळखीत नाही. यावर काही ठिकाणी डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटविण्याचा उपाय योजला आहे.

सर्वांत अवघड स्थिती बटईने शेती करणाऱ्यांची. सातबाऱ्यावर नाव असते ते जमिनीच्या मालकाचे. बटईदाराने नांगरणी केली, रोवणी केली, मळणीही केली, तरी पिकाची नोंद मालकाच्या खात्यावर होते आणि धानाचे पैसेही मालकाच्याच खात्यात पडतात. ते आले की नाहीत, हे विचारण्यासाठी बटईदार मालकाच्या दारी जातो. तेथला हिशेब अजूनही बहुधा तोंडीच होतो.